डावा की उजवा?

बेज्जूरला आमचे जाणे वर्षातून एकदा होते, आणि तेही बहुधा पाऊस उघडल्यावर. ह्या गावाचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकलेही नसेल. हैदराबादहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिरपूर कागजनगर हे स्थानक लागते. तेथे उतरून पूर्वेस, प्राणहिता नदीच्या अंगाने, बसने जावयाचे. वाटेत जंगल, कपाशी, भाताची खाचरे. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. पत्त्यावर आम्ही अजून सवयीने ‘जिल्हा आदिलाबाद’ असे लिहितो, परंतु २०१६ च्या ऑक्टोबरपासून हा भाग कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे दोन तालुके मराठी मुलखाकडे गेले व ही बाजू तेलुगू राज्यात राहिली. तथापि घरातली भाषा काही सरहद्दीचे खांब पाहून बदलत नाही. आमच्या चुलतभगिनी आक्का लग्न होऊन ह्या गावी आल्या त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. त्या देवाशी मराठीत बोलतात, भाजीवालीशी तेलुगूत, आणि गाईशी दोन्हींत.

गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा आक्का ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. डाव्या पायास स्वच्छ पांढरी पट्टी बांधलेली. आणि पट्टीच्या टोकाशी अंगठ्याचा उंचवटा दिसावयाचा तेथे सपाटी. आम्हांस कोणी काही कळविले नव्हते. “तुला कशाला घोर लावायचा, म्हणून नाही सांगितलं,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि सुनेला चहाची हाक मारली.

हकीकत थोडक्यात अशी. आक्कांना मधुमेह आहे, तो काही आजचा नव्हे. आषाढात रोपणी चालली असता बायकांना भाकरी द्यावयास त्या खाचराच्या बांधावरून अनवाणी गेल्या, आणि त्या एकच दिवस गेल्या असेही नाही. पुढे अंगठा सुजला. जवळच्या दवाखान्यात कागद झाला, त्यावर ‘पायाला इन्फेक्शन’ एवढेच दोन शब्द. गोळ्या पुडीत बांधून दिल्या, त्यांचे नाव कोठे नाही. उतार पडेना म्हणून दुसरे डॉक्टर झाले. त्यांनीही गोळ्याच दिल्या. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला तेव्हा मुलाने त्यांना मोठ्या गावच्या एका खाजगी रुग्णालयात नेले. तेथे पहिला प्रश्न असा आला की, आजवर कोणते औषध घेतले? पुड्यांचे कागद चुलीत गेले होते. पू तपासणीस पाठविला. परंतु त्याचा अहवाल येण्यास दोनतीन दिवस लागतातच. नवव्या दिवशी आक्का घरी आल्या त्या अंगठा तेथे ठेवून.

हे रुग्णालय कोणते ते आम्ही सांगणार नाही, कारण तेथील शल्यवैद्यांच्या हाताला आम्ही नाव ठेवू इच्छीत नाही. जखम सुरेख भरली आहे. आमची तक्रार असलीच तर ती लेखणीविषयी आहे. घरी जाताना हाती जो कागद देतात, ज्याला सर्वजण डिस्चार्ज कार्ड म्हणतात, त्याच्या पहिल्या पानावर ‘उजव्या पायाचा अंगठा’ असे होते आणि शस्त्रक्रियेच्या पानावर ‘डाव्या पायाचा’. मुलाच्या नोकरीमुळे विमा होता. तो दावा ह्याच एका शब्दापायी परत आला. विमा कंपनीचा प्रश्न साधा होता. रुग्ण उजव्या पायासाठी दाखल झाला, तर अंगठा डावा का काढला?

आक्कांचा नातू त्या वेळी रजेवर घरी होता. हा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि गेली चार वर्षे हैदराबादेस हायटेक सिटीत एका कंपनीत मेडिकल कोडिंगचे काम करतो. हैदराबादेतील वाचकांना हा व्यवसाय सांगावयास नको. आमच्याच ओळखीच्या घरांतून अशी पाचसहा मुले-मुली आहेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी मात्र थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत रुग्ण डॉक्टरकडे गेला की डॉक्टर जे पाहतो व करतो ते लिहून ठेवतो. ते टिपण संगणकावरून हैदराबादेस येते. येथे कोडर ते वाचतो आणि प्रत्येक रोगास व प्रत्येक उपचारास ठरलेला संकेतांक लावतो. ते अंक तेथील विमा कंपनीकडे जातात आणि त्यांवरून पैसे मिळतात वा अडतात. म्हणजे ओहायोतल्या एखाद्या शेतकऱ्याचा अंगठा ठसठसत असतो, आणि तो उजवा होता की डावा हे आमचा बेज्जूरचा मुलगा रात्री टेबलाशी बसून शोधीत असतो.

त्या सायंकाळी त्याने आजीचे पाकीट पुढे ओढले आणि एकेक कागद ओसरीवर मांडला. आम्हीही चष्मा लावून शेजारी बसलो.

“आजोबा, हे पाकीट मला ऑफिसात आलं असतं ना, तर मला ते पुढे पाठवताच आलं नसतं,” तो म्हणाला.

त्याने जे समजावून सांगितले ते आम्हांस नवे होते, आणि आमची खात्री आहे की बहुतेक कुटुंबांस ते नवे असेल. रोगांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, तिच्या दहाव्या आवृत्तीत त्वचेच्या रोगांना ‘एल’ हे अक्षर आहे. कातडीखालच्या थरात जंतू पसरून लाली, सूज व उष्णता येते, त्या सेल्युलायटिस नावाच्या विकाराचा अंक एल ०३. अमेरिकेने आपल्यापुरती ही वर्गवारी वाढवून घेतली आहे. तीनुसार उजव्या पायाचे बोट असेल तर एल ०३.०३१, डाव्या पायाचे असेल तर एल ०३.०३२, आणि बाजू कळतच नसेल तर एल ०३.०३९. शेवटचा तो नऊ हा आकडा म्हणजे ‘लिहिणाऱ्याने सांगितले नाही’ अशी कबुली. हा आकडा लावावयाची पाळी येऊ नये म्हणून कोडर आधी सर्व टिपण उलथेपालथे करतो. बाजू डॉक्टरने लिहिली नसेल आणि परिचारिकेने लिहिली असेल तर तीही चालते. परंतु दोन पानांवर दोन बाजू असतील तर डॉक्टरला विचारल्यावाचून गत्यंतर नाही. हे विचारणेही नियमाने बांधलेले आहे. ‘डावाच ना?’ असे विचारता येत नाही. प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेले नसावे, असा दंडक आहे.

हिंदुस्थानातील रुग्णालये जागतिक आरोग्य संघटनेची मूळ वर्गवारी वापरतात. तीत डावे-उजवे नाही. इतकेच नव्हे तर हात व पायही नाही. एल ०३.० हा एकच अंक हाताच्या बोटालाही आणि पायाच्या बोटालाही. हे ऐकून आम्हांस गंमत वाटली. इंग्रजीत हाताच्या बोटास एक शब्द व पायाच्या बोटास दुसरा. आपण मराठी माणसे मात्र दोहोंस ‘बोट’च म्हणतो. आरोग्य संघटनेच्या ह्या एका अंकापुरते जग मराठीत बोलते, असे आम्ही म्हणालो तेव्हा नातू हसला. आक्का मात्र हसल्या नाहीत. “मग डावं-उजवं कोण लिहिणार?” त्यांनी विचारले. प्रश्न नेमका होता. अंकात बाजू नसल्यामुळे ती शब्दांत लिहिण्याची जबाबदारी आपल्याकडे उलट अधिक आहे, आणि तीच पाळली जात नाही.

ह्या वर्गवारीचा जन्म मरणाच्या हिशेबातून झाला. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों ह्यांनी १८९३ साली शिकागोच्या सभेत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, १९०० साली तिची पहिली सुधारणा झाली, आणि १९४८ साली सहाव्या सुधारणेच्या वेळी ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आली. तेव्हा कोठे मरणाबरोबर जगणाऱ्यांच्या दुखण्यांचीही नोंद तीत धरली गेली. अमेरिकेत १९७९ पासून नववी आवृत्ती चालत होती, तीत अंगठ्याला बाजू नव्हती. ती १ ऑक्टोबर २०१५ पासून आली. अकरावी आवृत्ती २०१९ साली संमत होऊन २०२२ पासून लागू झाली आहे. तीत बाजूसाठी वेगळा अंक जोडावयाची सोय आहे. आपल्या रुग्णालयांत ती रुजेल तेव्हा रुजेल.

नातवाने दुसरा कागद उचलला. हा प्रयोगशाळेचा अहवाल होता. पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला होता, आणि तोही मेथिसिलिनच्या जातीच्या औषधांना न जुमानणारा. ह्या जंतूस निराळा अंक आहे, बी ९५.६२, साध्या, औषध मानणाऱ्या भावंडास बी ९५.६१. हे अंक मुख्य रोगाच्या अंकाला जोडून लावावयाचे असतात. “पण मला हा लावता येणार नाही,” तो म्हणाला. आम्ही विचारले, का बुवा? अहवाल तर समोर आहे. तेव्हा त्याने सांगितले की, प्रयोगशाळेच्या कागदावरून कोडरने परस्पर रोग ठरवावयाचा नसतो. ह्या जंतूमुळेच हा विकार झाला, असे वैद्याने आपल्या हाताने लिहिले पाहिजे. रुग्णालयात अहवाल आल्यावर औषध बदलले होते, हे औषधांच्या यादीवरून दिसत होते. म्हणजे डॉक्टरने अहवाल वाचला, अर्थ जाणला, कृतीही केली; मात्र घरी जाण्याच्या कागदावर ‘जंतुसंसर्ग’ एवढेच लिहिले. उद्या आक्कांच्या दुसऱ्या पायास काही झाले आणि त्या दुसऱ्या गावी गेल्या, तर तेथील वैद्यास ह्या हट्टी जंतूची गंधवार्ता लागणार नाही. तो पुन्हा पहिल्या गोळीपासून आरंभ करील.

मधुमेहाचे तसेच. पाकिटात मधुमेहाचा उल्लेख होता, परंतु तो ‘पूर्वीचे आजार’ ह्या ओळीत, रक्तदाब व मोतीबिंदू ह्यांच्या पंगतीला. अमेरिकेच्या नियमांत येथे एक चमत्कारिक भेद आहे. मधुमेही माणसाच्या पायावर व्रण असेल तर दोहोंचा संबंध कोडरला गृहीत धरता येतो; परंतु सेल्युलायटिस असेल तर तो मधुमेहामुळे आहे असे वैद्याने लिहावे लागते. लिहिले तर ई ११.६२८ हा अंक पुढे येतो व सारे प्रकरण गंभीर ठरते. न लिहिले तर मधुमेह एका बाजूस, अंगठा दुसऱ्या बाजूस, जणू ते दोन शेजाऱ्यांचे आजार! ‘लिहिले नाही ते घडले नाही’ हे ह्या धंद्यातले पहिले वाक्य आहे, असे तो म्हणाला.

आम्ही त्यास म्हटले, “अरे, तुझ्या आजीलाच विचार ना.” तो जरा संकोचला. कोडर रुग्णाशी कधी बोलत नाही. त्याची गाठ फक्त कागदाशी. परंतु आक्कांनी आपण होऊन सांगावयास सुरुवात केली, आणि ते कथन आम्ही येथे जसेच्या तसे देतो.

“आधी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. दर साल होतात, मी तेल लावते. मग अंगठ्याला नखुरडं झालं, नखाच्या कडेला, ठणका असा की रात्रभर झोप नाही. मग अंगठा सगळा लाल झाला आणि लाली पायावर चढली. मग पिंढरीवरून तांबडी रेघ वर गेली आणि जांघेत अवधाण आलं. त्या दिवशी ताप.”

नातू लेखणी हाती धरून तसाच बसून राहिला. मग हळूहळू त्याने कागदावर लिहिले. चिखल्या: बुरशीमुळे असतील तर बी ३५.३. नखुरडे: तेही एल ०३.० ह्याच घरात. चढलेली लाली: सेल्युलायटिस. तांबडी रेघ म्हणजे रसवाहिन्यांचा दाह, त्यास निराळा अंक. अवधाण म्हणजे जांघेतील गाठींचा दाह, एल ०४.३. सत्तरी उलटलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने सहा वाक्यांत रोगाचा प्रवेश, मार्ग आणि क्रम सांगितला होता, आणि तीन दवाखान्यांच्या कागदांत मिळून त्यातले काहीच नव्हते. बेचक्यांतील भेगांतून जंतू आत शिरतो हे वैद्यकशास्त्र आज सांगते. आक्कांनी चिखल्या पहिल्या सांगितल्या त्या उगीच नव्हे.

आपल्या भाषेत ह्या दुखण्यांची वर्गवारी केव्हाची झालेली आहे. गळू वेगळे, केसतूड वेगळे, धावरे वेगळे, नखुरडे वेगळे. आंतरराष्ट्रीय यादीतही गळवास एल ०२ आणि धावऱ्यास ए ४६ अशी स्वतंत्र घरे आहेत. हे शब्द घरात बोलले जातात, दवाखान्याच्या दाराशी मात्र आपण ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो आणि आत जाऊन ‘इन्फेक्शन झालंय’ असे म्हणतो. आम्हीही तेच करतो. इन्फेक्शन म्हटले की सुशिक्षितासारखे वाटते आणि सांगितले मात्र काहीच जात नाही. आमच्यासारख्या परप्रांतात वसलेल्या कुटुंबांत तर हे शब्द आणखी एका पिढीत जातील. नातवास ‘अवधाण’ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

नाव नेमके ठेवल्याने काय होते ह्याचे एक उदाहरण मुंबईच्या वैद्यकाच्या इतिहासात आहे. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव काही वाचकांस ठाऊक असेल. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ ह्या १८५८ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे त्यांची. ते त्याच सुमारास मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, आणि काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांना काटा लागून पुढे पाय फुगतो, त्यास भोके पडतात व त्यांतून दाणे गळतात, तो रोग तोवर मदुरेच्या नावाने ओळखला जाई. कार्टरसाहेबांनी तो बारकाईने तपासून, चित्रे काढून, त्यास मायसेटोमा असे नाव दिले. त्यांनी बुरशीला कारण ठरविले. पुढे असे दिसून आले की, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या ह्या पायांत काहींना बुरशी कारण आहे, तर काहींना जिवाणू. आणि औषध दोहोंचे अगदी वेगळे. आजच्या यादीत पहिल्यास बी ४७.० व दुसऱ्यास बी ४७.१ असे अंक आहेत. शून्य आणि एक, एवढाच फरक. परंतु चुकीच्या औषधावर वर्ष घालवावयाचे की पाय वाचवावयाचा, हे त्यावर ठरते. साताऱ्याच्या शेतकऱ्याने ‘पाय सुजलाय’ एवढेच सांगितले असते आणि कार्टरसाहेबांनी तेवढेच लिहिले असते तर हा भेद आणखी किती काळ झाकून राहिला असता कोण जाणे.

परत आक्कांच्या कागदाकडे येऊ. उजवा हा शब्द पहिल्या पानावर आला कसा, ह्याचा आम्ही बराच खल केला. आक्कांनी सांगितले ‘डावा’, मराठीत. दाखल करून घेणारा मुलगा तेलुगू. तेलुगूत डाव्यास ‘एडम’ आणि उजव्यास ‘कुडी’. मराठी कानाला कुडी म्हणजे देह, नाहीतर कानातला दागिना. त्याने तो ऐकलेला शब्द मनात तेलुगू करून इंग्रजीत लिहिला. ह्या तीन भाषांच्या उड्यांत कोठेतरी पाय घसरला असेल. किंवा रुग्ण समोर बसला की त्याचा डावा तो आपला उजवा, ही सर्वांस होणारी भूल झाली असेल. शस्त्रक्रियेच्या वेळी पाय योग्य धरला गेला तो सूज डोळ्यांना दिसत होती म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी करावयाच्या तपासणीची जी यादी दिली, तीत जागेवर खूण केली आहे काय हा प्रश्न आहे, तो उगाच घातलेला नाही. आतील गाठ असती, डोळ्यांना न दिसणारी, तर पहिल्या पानावरचा तो शब्द कोठे घेऊन गेला असता ह्याचा विचार न केलेला बरा.

सरहद्दीवर राहणाऱ्यांना कागदाचे महत्त्व इतरांहून अधिक आहे. येथील माणूस आजारी पडला की तो एकाच दिशेस जात नाही. कोणी दक्षिणेस हैदराबाद गाठतो, कोणी त्याच लोहमार्गाने उत्तरेस चंद्रपूर, सेवाग्राम, नागपूर. १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हापासून विदर्भाच्या ह्या टोकाची कुटुंबे तेथे जात आली आहेत, आणि नदीच्या अलीकडचीही जातात. दोन राज्ये, तीन भाषा, चार प्रकारचे कागद. अशा वेळी एल ०३.० हा अंक आणि त्याच्यापुढे स्पष्ट लिहिलेले ‘डावा’ हे दोन शब्द कोणत्याही गावी कोणताही वैद्य वाचू शकतो.

ह्या अंकांच्या राज्याविषयी आमचे मन सर्वस्वी निःशंक आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेत अंकांमागे पैसा आहे. सेल्युलायटिसचा रुग्ण रुग्णालयात राहिला तर त्याच्याबरोबर गंभीर गुंतागुंत लिहिली आहे की नाही यावरून रुग्णालयास मिळणारी रक्कम ठरते. तेव्हा गुंतागुंत लिहिण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाला आवर घालण्यासाठी तपासनीस ठेवावे लागतात, आणि तपासनिसांनाही पगार द्यावा लागतो. सुशिक्षित तरुण मुले परक्यांच्या अंगठ्यांची नोंद करण्यात तारुण्याच्या रात्री घालवितात, आणि त्यांच्या स्वतःच्या आजीचा अंगठा नोंदीवाचून जातो, हेही आम्हांस बोचल्यावाचून राहिले नाही. नातवास आम्ही तसे म्हटले. तो म्हणाला, “आजोबा, हे काम शिकलो म्हणून तर आज कागद वाचता आला.” ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आमचे वैद्य मित्र ह्यावर म्हणतील की, दिवसाकाठी शंभर रुग्ण पाहावयाचे आणि प्रत्येकाची बाजू, बोट, जंतू लिहीत बसावयाचे, तर रुग्ण कोणी पाहावे? हे खरे आहे. खेड्यातील दवाखान्यात एकटा माणूस काय काय करील! म्हणूनच काही भार घरच्यांनी उचलला पाहिजे असे आम्हांस वाटते. पुडी घेताना गोळीचे नाव आणि दिवस कागदावर लिहवून घ्यावेत; डॉक्टर रागावत नाहीत, आम्ही विचारून पाहिले आहे. पू तपासणीस गेला असेल तर अहवाल आला की त्याची प्रत मागून घ्यावी, आणि त्यातील जंतूचे नाव घरी जावयाच्या कागदावर चढले आहे काय ते पाहावे. मधुमेह असेल तर तो ‘पूर्वीच्या आजारां’त नव्हे, त्या दुखण्याच्या शेजारी लिहावयास सांगावे. आणि रुग्णालयाच्या खिडकीतून बाहेर पडण्यापूर्वी, पैसे भरण्याच्या घाईत असलो तरी, प्रत्येक पानावरची बाजू एकदा बोट ठेवून वाचावी. विम्याच्या दाव्याच्या अर्जाचा दुसरा भाग रुग्णालय भरते आणि त्यात रोगाचा अंक मागितलेला असतो; तो अंक व डिस्चार्ज कार्डावरील शब्द जुळले नाहीत की अर्ज मागे येतो. अंगठा काळानिळा दिसत असेल तर घरातल्या मुलाने फोनवर छायाचित्र घेऊन ठेवावे. त्यावर तारीख आपोआप पडते. पाय दोन्ही दिसतील असे घ्यावे.

आणखी एक गोष्ट नातवाने सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. बोट पायाला असते तोवर, सेल्युलायटिसपुरते तरी, ही वर्गवारी अंगठा कोणता आणि करंगळी कोणती हे विचारीत नाही. उजव्या पायाचे बोट अथवा डाव्या पायाचे बोट, एवढ्यावर तिचे समाधान होते. बोट काढून टाकले की मात्र ती विचारते. गेलेल्या डाव्या अंगठ्यास झेड ८९.४१२ असा अंक आहे, आणि डाव्या पायाची इतर बोटे गेली असतील तर झेड ८९.४२२. हा अंक रुग्णाच्या कागदावर पुढे कायम राहावयाचा. आक्कांना आम्ही हे सांगितले नाही.

दुरुस्तीसाठी मुलास रुग्णालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेस शल्यवैद्यांनी स्वतः पहिल्या पानावरचा ‘उजव्या’ हा शब्द एका रेघेने खोडून, वर ‘डाव्या’ असे लिहून, सही व तारीख घातली. आणि नातवाने जे लेखी विचारले होते त्याप्रमाणे जंतूचे नाव व मधुमेहाचा संबंधही एका वेगळ्या पानावर लिहून दिला. माणूस सज्जन असावा. त्यांनी क्षमाही मागितली, असे मुलगा म्हणाला. दावा मंजूर झाला तो संक्रांतीच्या सुमारास. आता ते पाकीट देवघराच्या कपाटात पंचांगाशेजारी असते. त्याच्यावर आक्कांनी नातवाकडून मोठ्या अक्षरांत मराठीत ‘डावा पाय’ असे लिहवून घेतले आहे, व खाली तेच तेलुगूत.

राहता राहिली चप्पल. अंगठ्याच्या चप्पलेत अंगठ्यावाचून पाय टिकत नाही हे आम्हांपैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अनवाणी तर आता मुळीच फिरावयाचे नाही. बाजारच्या दिवशी मोच्याने घरी येऊन दोन्ही पावले कागदावर उठवून नेली आणि पुढून मिटलेली, मागे पट्टा असलेली जोडी करून आणली. आक्कांच्या मते ती पुरुषी दिसते. तरी त्या ती घालतात, आणि पुढच्या रोपणीस बांधावर जाणारच असे आत्ताच बजावून ठेवले आहे.